मार्चात नको, जानेवारीत चला: सोलापूरकरांसाठी कासवांची गस्त

मार्च लागला की सोलापुरातली मित्रमंडळी विचारायला लागतात, "वेळासला कधी निघायचं?" कोकणातल्या त्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात शिरताना बघायची असतात, मुलांना दाखवायची असतात. त्यात गैर काही नाही. पण ती पिल्लं ज्या अंड्यांतून आली, ती अंडी डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या रात्री कुणीतरी कुत्र्याच्या आधी गाठलेली असतात. त्या रात्री किनाऱ्यावर गावातले एक-दोन कासवमित्र असतात आणि वारा असतो. म्हणून विचारेल त्याला आमचं उत्तर एकच: रजा एकदाच मिळणार असेल तर ती जानेवारीत घ्या. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की चादर-टॉवेल गुंडाळा आणि गस्तीला चला. तिथे बघायला कमी मिळेल, करायला भरपूर आहे.

आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं जवळजवळ सगळी ऑलिव्ह रिडले जातीची. पाठ दोन-सव्वादोन फूट लांब, वजन साधारण 35 ते 45 किलो, रंग शेवाळी करडा. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याच्या किनाऱ्यांवर ती हजारोंनी एकदम वर येतात. त्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, आणि पहिल्यांदा कोकणात येणारा तेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून येतो. कोकणात तसं होत नाही. इथे मादी एकटी येते. कुठल्या रात्री, कुठल्या टप्प्यावर, काही सांगता येत नाही. लागोपाठ चार रात्री चालून एकही माग न दिसणं हे इथलं नेहमीचं आहे, आणि त्या चार रात्री वाया गेल्या असं ज्याला वाटेल त्याने खरोखरच मार्चात जावं.

दोन्ही किनाऱ्यांची कासवं मात्र अगदी वेगळी नाहीत. फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागरला पाठीवर उपग्रह यंत्र बसवलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट 2021 साली ओडिशात पंखाला धातूची खूण लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. समुद्र आपल्यापासून लांब आहे असं सोलापुरात बसून वाटतं, पण आपल्या भीमेचं पाणी कृष्णेला मिळून आंध्रात समुद्राला जातं, आणि कृष्णेच्या मुखाजवळच्या वाळूतही हीच कासवं अंडी घालतात. पंढरपुरात चंद्रभागेत सोडलेली प्लास्टिकची पिशवी कुठल्या दिशेने निघते, याचा विचार इथेच सुरू करायला हरकत नाही.

आता कामाचं बोलू. सागरी कासवं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत येतात. म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण, तेवढंच या अंड्यांना. परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला हे काम सुरू केलं, तोवर अंडी खणून खाल्ली आणि विकली जायची. आज वन विभाग आणि त्याचा किनारी भागासाठीचा कांदळवन कक्ष गावोगावच्या कासवमित्रांच्या हातून हे काम करून घेतात. त्यामुळे आपण जायचं ते त्यांचा मदतनीस म्हणून. निदान महिनाभर आधी त्या भागाच्या परिक्षेत्र वन कार्यालयाला पत्र द्यावं: किती जण, कुठल्या तारखा, ओळखपत्राच्या प्रती. गावात पोहोचल्यावर पहिली भेट कासवमित्राची. किनाऱ्यावर शेवटचा शब्द त्याचा. आपल्याकडे पदवी असेल, महागडा कॅमेरा असेल, त्याच्याकडे त्या किनाऱ्याच्या वीस पावसाळ्यांची माहिती असते.

सोलापूरहून गुहागर सोयीचं पडतं: पंढरपूर, कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असं साधारण साडेतीनशे किलोमीटर. वेळासला जायचं तर पुणे, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असा वळसा, आणि तो बराच लांब. रात्रभर गाडी चालवून थेट गस्तीला उभं राहू नये. पहिली रात्र झोपेची ठेवावी.

पोहोचण्याआधी भरतीच्या वेळा हातात हव्यात. यासाठी सोलापूरकराला फार शोधाशोध करावी लागत नाही, कारण आपल्या गावचं दाते पंचांग बहुतेक घरांत असतंच. कोकणातला जुना आडाखा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी सव्वातीन-साडेतीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच हिशेब. तो मुंबईच्या आसपास बराचसा जुळतो, दक्षिणेला जावं तशी भरती थोडी लवकर लागते, म्हणून गावातल्या मच्छीमाराला विचारून फरक वहीत टिपून ठेवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. भरती सरत आलेली असताना गस्त घालणं सर्वांत सोपं, कारण चालायला टणक ओली वाळू मिळते आणि माग पुसले जात नाहीत.

सामानाबद्दल. टॉर्च प्रत्येकाकडे हवी, पण तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर रबराने बांधलेले हवेत. कासवाच्या डोळ्याला निळा-पांढरा प्रकाश झोंबतो, लाल त्यामानाने कमी जाणवतो. तरी लाल उजेडही गरजेपुरताच. चांदणं असेल तर टॉर्च खिशात राहू द्यावी. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि एका मोबाइलच्या पडद्याने ती सगळी कमाई जाते. स्वतःची आणि शेजाऱ्याचीही. म्हणून मोबाइल बंद नाही तर निदान अगदी मंद. कपडे गडद रंगाचे. आपल्या सोलापुरी चादरीबद्दल प्रेम आहेच, पण ती मुक्कामावरच ठेवावी. कोकणात जानेवारीच्या रात्री इतकं दव पडतं की सुती चादर तासाभरात ओली जड होते. अंगावर विंडचीटर आणि डोक्याला कानटोपी बरी. पायात मागे पट्टा असलेली चप्पल, वाळूत काच आणि जाळ्यांचे तुकडे असतात. पाच मीटरची कापडी टेप, पेन्सिल (बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही), पुठ्ठ्याची वही प्लास्टिकच्या पिशवीत, बिनपावडरचे हातमोजे, लिटरभर पाणी.

खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी ही गस्तीची फार उत्तम शिदोरी आहे, बिघडत नाही आणि पोट भरतं. फक्त ती किनाऱ्यावर सोडायची नाही. सांडलेल्या चुऱ्यावर खेकडे येतात, चटणीच्या लसणाच्या वासावर कुत्री. दुसरं कारण हाताचं: कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, त्याचं कवच चामड्यासारखं मऊ आणि सच्छिद्र असतं. तेल, तिखट, डासांचं मलम, जे हाताला आहे ते आत जाऊ शकतं. अंडी हाताळायची शक्यता असेल त्या रात्री मलम लावायचंच नाही. पूर्ण बाह्या आणि मोजे घालावेत.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची गणना केलेल्या मंडळींना जागरणाची सवय असते. पण तिथे एका जागी बसायचं असतं. इथे तीन किलोमीटरचा किनारा असेल आणि रात्री चार फेऱ्या झाल्या, तर बारा किलोमीटर चालणं होतं, तेही वाळूत. निघण्यापूर्वी पंधरा दिवस नांगरलेल्या रानातून रोज तासभर चालून बघावं, पोटऱ्या काय म्हणतात ते कळेल.

गस्त दोघा-तिघांची. त्याहून जास्त माणसं म्हणजे गप्पा. चालायचं ते त्या रात्रीच्या भरतीच्या रेषेच्या जरा खालून, जिथे शेवाळ, काटक्या आणि फेसाची वेलांटी पडलेली असते. कारण साधं आहे: मादी पाण्यातून कुठूनही निघाली तरी ही रेषा तिला ओलांडावीच लागते. रेषेच्या कडेने चाललं की एकही माग चुकत नाही. वरच्या कोरड्या वाळूतून चालणारे थकतात, आणि आपल्याच पावलांनी खुणा बुजवतात. फेऱ्यांमधलं अंतर तासाभराहून जास्त नको. मादीला वर येणं, खड्डा करणं, अंडी घालणं, बुजवणं आणि परतणं या सगळ्याला साधारण पाऊण ते एक तास लागतो. दोन तासांनी फेरी मारली तर ती येऊन गेलेली असते आणि कुत्र्यांनी माग आधी काढलेला असतो. पहाटेची फेरी कधीच चुकवू नये. रात्रभर चालून पहाटे साडेचारला झोपायला गेलेला गट सकाळी उकरलेलं घरटं बघतो, असं होतं.

समोर काळा दगड हलताना दिसला तर थांबायचं. बसायचं. टॉर्च बंद. मादी वर चढत असताना ती सर्वांत बुजरी असते, एखादी हालचाल, एखादा उजेड, आणि ती वळून पाण्यात जाते. पोटात अंडी तशीच घेऊन. ती वर जाऊन पुढच्या पंखांनी कोरडी वाळू बाजूला सारते, मग मागच्या दोन पंखांनी आळीपाळीने खड्डा काढते. हे मागचे पंख बघण्यासारखे असतात. एक पंख ओंजळीसारखा वाकतो, खाली जातो, मूठभर वाळू उचलून बाहेर ठेवतो आणि त्याच क्षणी दुसरा पंख कडेची वाळू झटकून टाकतो. तिला मागे दिसत नाही, पंख पोहोचतो तिथवरच खड्डा होतो, आणि तरी तो दरवेळी घागरीसारखा होतो: वर अरुंद गळा, खाली फुगीर पोट, साधारण दीड फूट खोल. अंडी पडायला लागली की ती जवळपास भानावर नसते. तेव्हाच मागच्या बाजूने, लाल उजेडात जवळ जाता येतं, समोरून कधीच नाही. साधारण शंभर-सव्वाशे अंडी, टेबलटेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, ओलसर चिकट. शेवटी ती वाळू लोटते आणि अंग डावीकडे-उजवीकडे आपटून ती दाबते. हे आपटणं पायाखालच्या वाळूतून जाणवतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं ते शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकण्यासाठी, ते रडणं नव्हे. ती परत जाताना तिच्या आणि पाण्याच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही.

पण बहुतेक रात्री मादी दिसतच नाही, माग दिसतो. खरं कौशल्य इथे आहे. ऑलिव्ह रिडले आळीपाळीने पंख टाकत चालते, त्यामुळे डाव्या-उजव्या खुणा समोरासमोर पडत नाहीत, एकाआड एक पडतात. मागाची रुंदी अडीच फुटांच्या आसपास. समोरासमोर खुणा आणि त्याहून बराच रुंद माग असेल तर ते हिरवं कासव असू शकतं, आणि ती नोंद फार महत्त्वाची. पंख वाळू मागे ढकलतात, म्हणून वाळूच्या छोट्या ढिगांचा कल बघितला की कुठला माग वर जाणारा आणि कुठला परतीचा ते कळतं. दोन माग एकमेकांवरून गेले असतील तर वर पडलेला तो परतीचा.

आता पाण्याकडचं टोक बघा. ओहोटी चालू असताना मादी आली असेल तर चढतीचा माग जिथे सुरू होतो, तिथे त्या वेळी पाणी होतं. परतीचा माग त्याहून खाली उतरलेला असेल, कारण तोवर पाणी मागे गेलं. तेवढ्यावरून आणि भरतीच्या वेळेवरून ती किती वाजता आली याचा अंदाज बांधता येतो. ही वेळ इतकी का जपायची ते पुढे येईलच. भरती चढत असताना आली असेल तर दोन्ही मागांची टोकं पाण्याने पुसून सारखी होतात आणि वेळ सांगणं अवघड होतं. तेव्हा उपसलेल्या वाळूचा ओलावा बघायचा, ताजी वाळू गडद असते.

माग वर जाऊन नुसता वळून आला असेल, कुठे उकरल्याची खूण नसेल, तर ती नुसती फेरी. अंडी नाहीत. तरी वहीत लिहायचं: वेळ, जागा, आणि वळण्याचं कारण दिसत असेल तर तेही, म्हणजे हॉटेलचा दिवा, ओंडका, वाळूत आधी कुणी खणलेला खड्डा, गाडीची चाकोरी. अशा फेऱ्या एकाच टप्प्यावर वारंवार दिसल्या तर त्या दिव्याचं काहीतरी करावं लागतं. आणि नोंद झाली की मागावर पायाने आडवी रेघ मारायची, म्हणजे पहाटेची तुकडी तोच माग पुन्हा मोजत नाही.

घरटं नेमकं कुठे आहे हे शोधताना सर्वांत जास्त नुकसान होतं. विस्कटलेल्या वाळूचा पट्टा चार-पाच फूट असतो आणि अंडी त्यात जेमतेम वीतभर तोंडाच्या खड्ड्यात. जुने कासवमित्र बारीक काठी हलकेच दाबत जातात, भुसभुशीत जागी ती सहज आत जाते आणि ते तिथेच थांबतात. ही काठी नवख्याने हातात घेऊ नये. एक अंडं फुटलं तर त्या ओलीवर मुंग्या आणि बुरशी येते आणि शेजारची दहा जातात. नवख्यासाठी हातच बरा: वरची कोरडी वाळू सारायची, बोटं जुळवून दाबत जायचं, टणक वाळूत जिथे हात आत जाईल तिथे बोटांनी सावकाश खणायचं.

मग प्रश्न येतो, हलवायचं की नाही. हलवणं हा शेवटचा उपाय आहे, आणि हे आम्ही ठासून सांगतो. घरटं उधाणाच्या रेषेच्या वर असेल, आसपास कुत्र्यांचा वावर कमी असेल, तर जागच्या जागी वरून जाळी बसवून ते राखणं सर्वांत चांगलं. पण उधाणाच्या रेषेखालचं घरटं पाण्यात बुडतं, अंड्यांतल्या गर्भाला हवा मिळत नाही आणि सगळी मरतात. कोकणातल्या अरुंद किनाऱ्यांवर, जिथे मागे बंधारा किंवा सुरूचं बन आहे, हे बरेचदा होतं. कुत्री आणि कोल्हे उरलेलं बघतात. म्हणून बहुतेक गावांत अंडी हॅचरीत, म्हणजे राखणीच्या कुंपणात, नेली जातात. निर्णय कासवमित्राचा किंवा वनरक्षकाचा.

हलवायचं ठरलं की घड्याळ सुरू. अंडं घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूने चिकटायला लागतो. त्यानंतर अंडं उलटलं किंवा गदगदलं तर तो सुटतो आणि मरतो. बाहेरून अंडं तसंच दिसतं, पन्नास दिवसांनी कळतं. म्हणून सहा तासांच्या आत अंडी नव्या खड्ड्यात हवीत, जितकी लवकर तितकं बरं. मागावरून काढलेला वेळेचा अंदाज इथे कामाला येतो. वेळ उलटून गेली असेल, अंड्याच्या माथ्यावर दुधी पांढरा ठिपका पसरायला लागला असेल, तर हात आवरावा आणि आहे तिथेच राखण करता येईल का ते बघावं.

काढण्यापूर्वी टेपने दोन मापं घ्यायची: वाळूच्या पातळीपासून पहिल्या अंड्यापर्यंत, आणि सगळी काढल्यावर तळापर्यंत. बादलीत आधी घरट्यातलीच ओली वाळू चार बोटं. एकावेळी एक किंवा दोन अंडी, ज्या अंगावर आहेत त्याच अंगावर उचलून ठेवायची, लोळवायची नाहीत. मोजणी करणारा वेगळा माणूस हवा, दर दहा अंड्यांना एक शिंपला बाजूला ठेवायचा. अंडी धुवायची नाहीत, त्यांवरचा चिकटा पुसायचा नाही. वर ओलं सुती कापड. बादली दोघांनी धरून चालत न्यावी. मोटरसायकलवर नेणं भाग पडलं तर ती मागच्याच्या मांडीवर असावी आणि गाडी सावकाश. उन्ह चढायच्या आत काम उरकलं पाहिजे, उघड्या बादलीतली अंडी तापायला वेळ लागत नाही.

हॅचरी म्हणजे उधाणाच्या रेषेच्या वर, झाडांच्या मुळांपासून लांब, बांबू आणि जाळीने बंद केलेला वाळूचा तुकडा. जाळी जमिनीत दीड फूट पुरलेली हवी, नाहीतर कुत्रं खालून उकरतं आणि खेकडा तर हमखास येतो. जागा दरवर्षी बदलायची. गेल्या वर्षीच्या कवचांनी आणि सडलेल्या अंड्यांनी वाळू खराब झालेली असते, त्यात अळ्या आणि बुरशी राहतात. दोन खड्ड्यांत तीन फूट अंतर, म्हणजे राखणदाराला पाय ठेवायला जागा मिळते आणि एका घरट्याची उष्णता दुसऱ्याला लागत नाही.

खड्डा करताना नवखे हटकून एक चूक करतात: कोरड्या वाळूतच खणायला लागतात. कडा ढासळत राहतात आणि गळा अरुंद न राहता परडीसारखा पसरतो. आधी हातभर रुंदीची कोरडी वाळू पूर्ण बाजूला सारावी, ओली लागली की मग खणावं. कोपरापर्यंत हात घालून तळाला बाजूंनी कोरत घागरीचं पोट काढावं. खोली मूळ घरट्याएवढीच. उथळ झालं तर वरची अंडी उन्हात तापतात, फार खोल झालं तर पिल्लांना वर यायला दम पुरत नाही. अंडी परत मोजत ठेवायची, आकडा पहिल्याशी जुळला पाहिजे. वरून आधी ओली वाळू, हलक्या हाताने दाबून, शेवटी कोरडी. पाटीवर घरट्याचा क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या आणि सापडल्याची जागा, पुसली जाणार नाही अशा रंगाने.

पिल्लं साधारण 45 ते 60 दिवसांनी निघतात, वाळू उबदार असेल तर लवकर. 15 जानेवारीची अंडी मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून लक्षात ठेवायची. वाळूच्या उष्णतेवर आणखी एक गोष्ट ठरते: नर की मादी. मधली रेघ 29 ते 30 अंश सेल्सिअसच्या आसपास, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर जास्त. सगळी हॅचरी उघड्या उन्हात ठेवणं किंवा सगळी सावलीत घेणं, दोन्ही धोक्याचं. मार्च-एप्रिलमध्ये वाळू फार तापली तर गर्भच मरतात, तेव्हा वरून शेडनेट बांधावी लागते.

पंचेचाळिसाव्या दिवशी प्रत्येक घरट्यावर विणलेली टोपली पालथी घालतात, म्हणजे निघालेली पिल्लं इकडेतिकडे जात नाहीत. टोपली घातली की जबाबदारी वाढली. पिल्लं बहुधा वाळू गार झाल्यावर, रात्री किंवा पहाटे वर येतात. कुणी टोपली उचललीच नाही आणि ऊन आलं, तर ती तिथेच मरतात. प्रेक्षक सकाळी सात वाजता येणार म्हणून रात्री दोनला निघालेली पिल्लं तोवर थांबवून ठेवणं आम्हाला मान्य नाही. पोटातल्या शिल्लक बलकावर पिल्लाला किनाऱ्यावरून धावायचं असतं, लाटा ओलांडायच्या असतात आणि पुढे कित्येक तास पोहायचं असतं. टोपलीत धडपडण्यात ती ताकद संपते. सोडताना पाण्यात सोडायचं नाही. लाटेपासून काही पावलं अलीकडे वाळूवर ठेवायचं आणि त्याचं त्याला जाऊ द्यायचं. मागे कुठलाही दिवा नको, पिल्लू उजळ बाजूकडे जातं आणि गावाचा दिवा समुद्रापेक्षा उजळ असतो.

गस्तीत जाळ्यात अडकलेलं कासव सापडलं तर दोरी ओढू नये, पंखात रुतलेली असते. कात्रीने कासवाच्या बाजूने नव्हे, जाळ्याच्या बाजूने मोकळं करावं, ओलं फडकं पाठीवर घालावं आणि वन विभागाला 1926 वर कळवावं. जखमी कासव परत पाण्यात ढकलू नये. मेलेलं असेल तर पाठीची लांबी मापून, नोंद करून त्यावर रंगाची खूण करावी, म्हणजे ते पुढच्या गावी वाहत गेलं तरी दुसऱ्यांदा मोजलं जात नाही.

जानेवारीत आलेल्यांनी जमलं तर मार्चमध्ये एक दिवस परत यावं, ते आपण ठेवलेलं घरटं उघडायला. शेवटचं पिल्लू निघाल्यावर दोन-तीन दिवसांनी वनरक्षकाच्या समोर खड्डा उकरतात. अर्ध्याहून मोठी असलेली रिकामी कवचं मोजायची, न उबलेली अंडी वेगळी, कवच फोडून आतच मेलेली पिल्लं वेगळी. 112 अंडी ठेवली होती आणि 87 कवचं निघाली, तर यश 77.7 टक्के. उरलेल्या 25 मध्ये किती पूर्ण वाढलेले गर्भ आहेत हे उघडून बघायचं, वास सहन करून. गर्भच दिसत नसेल तर एक तर अंडं फळलेलंच नव्हतं किंवा हलवताना आपलं चुकलं. वाढलेले मेले असतील तर वाळू तापली असेल किंवा पाणी शिरलं असेल. तळाशी कधी एखादं पिल्लू झाडाच्या मुळांत अडकून जिवंत सापडतं. त्याला ओल्या वाळूच्या टोपलीत अंधारात ठेवून संध्याकाळी सोडतात. कवचं उचलून लांब पुरायची, आकडे वहीत आणि वन विभागाच्या तक्त्यात भरायचे. घरटं हॅचरीबाहेर, जागच्या जागी राखलेलं असेल तर खड्डा लगेच बुजवून सपाट करायचा. हंगामात उशिरा येणारी एखादी मादी त्याच रात्री तिथून वर चढणार असते.